मोटर काऊन चालत नाही

४ फेब्रुवारी

माळा झाडताना करिष्माचा खोका हाती लागला. डिप्लोमाला असताना तिने मागवलेलं सामान आहे. तीन हिरव्या पट्ट्यांवर बसवलेल्या काळ्या चिपा, रंगीत तारांचा गुंता, मोहरीएवढे दिवे, भोकाभोकांची पांढरी पाटी. आता ती अकोल्याला नोकरी करते, तिला याची आठवणही नसेल. फेकायचं म्हणून खाली आणलं आणि दुपारभर ओट्यावर मांडून बसले.

फोन केला तर म्हणाली, "आई, फेकू नको. तो हिरवा बोर्ड म्हणजे छोटासा कॉम्प्युटर आहे. लिहून दिलं की दिवा लावतो, मोटर चालू करतो, बंद करतो. तू बी.एस्सी. फिजिक्स आहेस ना? करून पाहा." मग तिला दुसरा फोन आला आणि तिने ठेवला.

मेहकरच्या कॉलेजात शेवटचा व्होल्टमीटर हातात धरला होता. लग्न होऊन वरवट बकालला आले तेव्हापासून माझं फिजिक्स म्हणजे मिक्सरचा प्लग बदलणं.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओसरीवरून विचारलं, "काय हाये ते?"

"करिष्माचं सामान."

"बरं."

आज दिवसभरात आम्ही एवढंच बोललो. लिहून ठेवते, कारण कालच्यापेक्षा जास्त आहे.

६ फेब्रुवारी

करिष्माचा जुना लॅपटॉप चालू झाला. बोर्ड जोडला तर लॅपटॉपला तो दिसेचना. दोन दिवस तारा काढ, घाल. शेवटी कळलं की माझी तार फक्त चार्जिंगची, तिच्यातून निरोप जात नाही. दिसायला दोन्ही तारा सारख्याच. वीज पोचते, बोलणं पोचत नाही.

या घरातही तसंच आहे, असं लिहिणार होते. लिहिलंच की.

९ फेब्रुवारी

दिवा लागला. निळा, एवढासा. एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. मी लिहिलेल्या ओळींमुळे लागतो. सेकंद बदलून पाहिला, तसाच वागला. किती दिवसांनी मी सांगितलेलं कोणी तंतोतंत ऐकलं.

दाखवायला घरात कोणी नव्हतं. मामाजी देवळात गेले होते. ते आल्यावर दाखवावं असं वाटलं, पण ते हातपाय धुऊन थेट ओसरीवर बसले आणि रेडिओ लावला.

१३ फेब्रुवारी

याचं करायचं काय, ते आज ठरलं.

परसात माझ्या नवऱ्याने, गोपालने लावलेली लिंबाची तीन झाडं आहेत. आमचा खारपाण पट्टा, बोअरचं पाणी जिभेवर ठेववत नाही. इथे लिंबू जगत नाही असं सगळं गाव त्याला सांगायचं. त्याने सातपुड्याच्या पायथ्याकडून ट्रॅक्टरभर माती आणली, खड्डे भरले, छपरावरचं पावसाचं पाणी सिमेंटच्या टाक्यात साठवलं आणि त्या गोड्या पाण्यावर झाडं वाढवली. फळ धरायच्या आत तो गेला. कपाशीच्या फवारणीला म्हणून निघाला आणि अंगणातच बसला. डॉक्टर म्हणाले, अटॅक. त्याला आता दीड वर्ष होईल.

झाडांना पाणी मी घालते. कधी विसरते, कधी आठवून आठवून जास्त घालते. एका झाडाची पानं पिवळी पडली आहेत. मातीत सेन्सर रोवायचा. ती सुकली की बोर्डाने लाल दिवा लावायचा, टाक्यातली मोटर चालू करायची, ओल झाली की बंद करायची. करिष्मा म्हणते, सुरुवातीला सगळे हेच करतात.

२० फेब्रुवारी

दादाचा फोन. मेहकरला त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. अक्षय्य तृतीयेला दुसरं उघडतो आहे आणि तिथे गल्ल्यावर घरचं माणूस पाहिजे. गोकुळदादा आडपडदा ठेवत नाही. "पुष्पा, शेत बटईनं कसायला दिलं, पोरगी मार्गी लागली. तू तिथं कोणासाठी बसून आहे? म्हातारा धडधाकट आहे. शेजारची जनकाबाई डबा देईल."

घरात रेंज नाही, म्हणून मी अंगणात उभी राहून बोलत होते. म्हणाले, "येते दादा. झाडांचं तेवढं मार्गी लावते. एकदा ही मशीन चालली का मी मोकळी."

मामाजी ओसरीवर बातम्या ऐकत होते. मधेच उठून त्यांनी रेडिओ बंद केला. माझ्या मोठ्या आवाजाचा त्रास झाला असेल.

जायला हवंच, असं वाटतं. इथे दिवसभर आवाज म्हणजे फ्रीजचा. मामाजी वाईट नाहीत. गोपाल होता तेव्हा बापलेक ओसरीवर तासन् तास बोलायचे, मी आतून ऐकायचे. आता त्यांचं बोलणं त्याच्याबरोबर गेलं आणि माझंही. मी इथे असले काय, नसले काय, त्यांना फरक पडेलसं दिसत नाही.

२ मार्च

दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर आणला होता. खाऱ्या मातीने आठवड्यात त्याची एक दांडी खाऊन टाकली. आता दुसरा मागवला आहे, त्याला उघडा धातू नाही. माती कोरडी असली की आकडा मोठा येतो, ओली असली की लहान. आधी हवेत धरून पाहायचा, मग पेल्याभर पाण्यात, आणि दोन्हींच्या मधली रेघ आपण आखायची.

श्रीखंडाच्या डब्यात बोर्ड ठेवला, झाकणाला भोकं पाडून तारा बाहेर काढल्या. टाक्यात कूलरची जुनी मोटर सोडली. तिच्यातून निघालेली नळी आधी मधल्या झाडाच्या आळ्यात, तिथून दोन फाटे.

मामाजी उभे राहून बघत होते. म्हणाले, "चालू झाली काय?"

"उद्या-परवा होईन."

"बरं." आणि गेले.

९ मार्च

लिहावंसं वाटत नाही.

दुपारी लाईन गेली. मी दळण घेऊन चक्कीवर गेले होते. मागे लाईन आली. बोर्ड जागा झाला, जागा होताना त्याने मोटर चालू केली आणि तसाच अडकून बसला. मी परत आले तर परसातून पाणी गल्लीत वाहत होतं आणि कोणाच्या तरी शेळ्या ते पीत होत्या. पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं गोडं पाणी होतं ते. टाक्याच्या तळाशी गाळ तेवढा उरला आहे.

मामाजी देवळातून आले. टाक्यात वाकून पाहिलं. सायकलला दोन कॅन अडकवले आणि पाण्याच्या प्लांटवर गेले. या वयात, भर उन्हात. आले, पाणी ओतलं, पुन्हा गेले. मी म्हटलं, "मामाजी, राहू द्या, मी जाते." ते म्हणाले, "तू बस."

त्यांनी रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

११ मार्च

करिष्माने फोनवर समजावून सांगितलं. जाग येताक्षणी आधी मोटर बंद ठेवायची, मग पुढचं वाचायचं. शिवाय मोटर एका वेळी थोडा वेळच चालेल असा बंध घातला. चूक ओळींची होती, म्हणजे माझीच.

सकाळी चहा देताना मामाजींनी विचारलं, "फेकून देतं काय आता थे?"

"नाही."

"बरं."

त्यांच्या 'बरं'चा अर्थ मला अजून लागत नाही. फेकावं असंच मनात असणार.

१९ मार्च

गोड्या पाण्याचा टँकर मागवून टाकं अर्धं भरून घेतलं. यंत्र नीट लावलं. लाईन घालवून, आणून पाहिली. मोटर आपोआप चालू होत नाही. लाल दिव्याची वाट पाहते आहे. आज लागला नाही.

२४ मार्च

मोटर चालतच नाही. ऊन तर असं आहे की दुपारी परसात पाय ठेववत नाही, आणि सेन्सर म्हणतो माती ओली. बोटाने उकरून पाहिलं तर वरून कोरडी, खाली गारवा. खारेपणामुळे सेन्सर फसत असणार. खात्री करायला दोन कुंड्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी घातलं, दुसरीत गोडं. खाऱ्या कुंडीचा आकडा खरंच लहान येतो. म्हणजे मीठच. मी रेघ बदलली.

मामाजी विचारतात, "चालली काय?" रोज विचारतात. मी नाही म्हटलं की त्यांचा चहा कसा शांतपणे संपतो. टोमणा मारायला शब्द लागतातच असं नाही.

२७ मार्च

रेघ बदलूनही तेच. मोटर ढिम्म.

मामाजींच्या अंगाला फार खाज सुटली आहे. पाठीवर ओरखडे आहेत. त्यांना खारं पाणी सोसत नाही, म्हणून न्हाणीत त्यांच्या आंघोळीला रोज संध्याकाळी एक बादली गोडं पाणी झाकून ठेवते. ते माझ्या आधी उठून आंघोळ उरकतात. तरी कशी सुटली कोण जाणे. उन्हाळ्याचं असेल. खोबरेल गरम करून दिलं.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. करिष्मा येणार होती, सुट्टी मिळाली नाही. दोघांपुरती पुरणपोळी करताना अंदाजच येत नाही, पुरण उरलं. मामाजींनी एक पोळी जास्त घेतली. आवडली का विचारायचं राहून गेलं.

पिवळ्या झाडाला नवी पालवी आली आहे. मशीन बंद असून झाड सुधारतंय, याचाही राग आला.

३ एप्रिल

करिष्माने नवीन युक्ती सांगितली. जुन्या मोबाईलमध्ये रिचार्ज टाकून तो खिडकीत चार्जिंगला लावून ठेवला. तिथे कशीबशी रेंज येते. बोर्ड त्याच्यातून दिवसभराचे आकडे पाठवतो आणि माझ्या फोनवर त्यांची रेघ उमटते; मोटर चालली तर तसा निरोपही येईल. माती सुकत जाते तशी रेघ चढते. आता कुठे चुकतंय ते दिसेल.

४ एप्रिल

दिसलं. दिवसभर रेघ हळूहळू चढते, चढता चढता लाल दिव्याच्या जवळ येते, आणि पहाटे एकदम कोसळते. मीठ असं कसं करेल? दव पडत असेल म्हणावं, तर एप्रिलात कुठलं दव. पहाटे विजेचा दाब वाढत असेल का?

करिष्माला फोटो पाठवला. तिचा फोन आला. "आई, यात बिघाड काही नाही. कोणीतरी पाणी घालतंय."

"इथं कोण घालणार?" मी म्हटलं.

ती म्हणाली, "उद्या लवकर ऊठ आणि बघ."

५ एप्रिल

तांबडं फुटायच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. न्हाणीचं दार उघडलं. मामाजी बाहेर आले, हातात मी झाकून ठेवलेली बादली. लिंबांपाशी गेले. एका हाताने गुडघा धरून वाकायचे आणि तांब्या तांब्याने आळ्यात पाणी सोडायचे. सेन्सरच्या कडेने अगदी जपून. बादली रिकामी झाल्यावर हापशीवर गेले आणि खारं पाणी उपसून अंगावर घेतलं.

मी बाहेर गेले. "मामाजी, हे काऊन करून राह्यले तुमी?"

ते दचकले नाहीत. टॉवेलने तोंड पुसलं. "लाल दिवा लागते ना मंग. आन् तू तोंड पाडून बसतं."

"लाल दिवा लागला का मोटर चालते. तुमी तो लागूच नाही देल्ला तं मोटर चालंन कशी?"

"नाई चालली तं नाई चालली."

एवढं बोलून ते घरात गेले.

दिवसभर विचार करते आहे. टाकं रिकामं झालं त्या दिवसापासून त्यांचा या यंत्रावर भरवसा राहिला नाही, हे उघड आहे. मी रागावेन असं वाटलं होतं. पाठीवरचे ओरखडे डोळ्यांपुढे येतात आणि राग पुरा होत नाही.

६ एप्रिल

न्हाणीत आता दोन बादल्या ठेवते, एक त्यांच्या अंगाला, एक झाडांना. ते म्हणाले, "दोन काऊन?" मी म्हटलं, "एक तुमची." ते "बरं" म्हणाले.

२६ एप्रिल

उद्या निघायचं. जनकाबाईशी डब्याचं बोलले. तिचं घर भिंतीला भिंत लागून आहे. तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि "जा बाई, तुलेबी तुयं पाहा लागंन" एवढंच म्हणाली.

मामाजींना गोळ्या कुठे आहेत ते दाखवलं. यंत्र तसंच ठेवलं आहे. त्यांनी पाणी घातलं तर ते गप्प राहील, विसरले तर चालेल. त्यांना फोनवरची रेघ दाखवली. हे पाणी पडलं, इथे खाली आली.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हे तुले मेहकरले दिसते?"

"हाव, कुठूनबी दिसते."

"कवा पानी देल्लं, थेबी?"

"हाव."

त्यांनी फोन परत दिला. आणखी काही विचारतील म्हणून मी थांबले होते.

३० एप्रिल, मेहकर

दुकानाचं उद्घाटन झालं. गर्दी होती, पेढे वाटले. सगळे मला ताई म्हणतात. राहायला दुकानावरची खोली आहे. शारंगधराच्या देवळाची घंटा ऐकू येते. या गावात मी लहानाची मोठी झाले आणि ओळखीचं एकही दार उरलेलं नाही. वहिनी फार नीट वागते, पाहुण्यासारखी.

सकाळी जाग आली तेव्हा आधी फोनवरची रेघ पाहिली. पहाटे खाली आलेली होती.

८ मे

रोज संध्याकाळी मामाजींना फोन करते.

"जेवले काय?"

"हाव."

"तब्येत?"

"बरी हाये."

शेवटी मी ठेवते.

आज दुकानात दादाशी वाजलं. एका शेतकऱ्याला मी औषधाची खरी मात्रा सांगितली, त्याने एक बाटली कमी घेतली. त्यावरून दादा बोलला. मग मन लागलं नाही, फोन करायचाही राहिला.

झोपण्याआधी रेघ पाहिली तर आज ती दोनदा खाली आली आहे. पहाटे एकदा आणि माझ्या फोनची वेळ टळून गेल्यावर एकदा. ऊन फार आहे, म्हणून दिलं असेल.

१९ मे

बस सुटायची आहे. चिखलीच्या स्टँडवर बसून लिहिते आहे, हात रिकामा ठेववत नाही.

सकाळी दुकान उघडून चहा घेत होते. फोन वाजला. यंत्राचा निरोप: मोटर चालू. पहिल्यांदा. टाकं रिकामं झालं तो घोळ सोडला तर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी स्वतःशी हसलेसुद्धा. करिष्माला पाठवायला फोटो काढला.

मग पाठवता पाठवता हात थांबला. मोटर चालली, म्हणजे माती सुकली होती. म्हणजे पहाटे कोणी पाणी घातलं नव्हतं.

मामाजींना फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. मग जनकाबाईला लावला. म्हटलं, "मामी, आधी परसात जाऊन पाहा." तिच्या चपलांचा आवाज, फाटकाचा आवाज, आणि मग ती म्हणाली, "अवं बाई, हे तं इथं पडले."

दादा गाडी देतो म्हणत होता, पण ड्रायव्हर बाहेर गेलेला. थांबवेना. समोर चिखलीची बस लागली होती, चढले. जनकाबाईच्या घरचे त्यांना शेगावला दवाखान्यात नेत आहेत. शुद्धीवर आहेत म्हणाली.

२० मे, शेगाव

खुब्याचं हाड मोडलं आहे. उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने प्रकृती काटक आहे, पण उन्हात आणखी तासभर पडून राहिले असते तर अवघड होतं.

पहाटे बादली घेऊन जाताना पाय सरकला. हाका मारल्या, पण जनकाबाईकडे कूलर चालू होता, कोणाला ऐकू गेलं नाही. मधल्या झाडाच्या आळ्याला लागूनच पडले होते. ऊन चढत गेलं.

हे सगळं त्यांनी स्वतः सांगितलं, थांबत थांबत. मग म्हणाले, "थे चालली मंग. आवाज आला टाक्यातून. नळीचं पानी तोंडापाशी आलं. दोन घोट पेलो. डोक्याले लावलं." जरा वेळाने म्हणाले, "गोडं होतं."

मी त्यांची चादर नीट करत राहिले.

जनकाबाई संध्याकाळी डबा घेऊन आली. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "म्या कितीकदा म्हतलं, अर्जुनभाऊ, पोरीनं एवढी मशीन बसवली, तुमी काऊन बादल्या वाहून राह्यले? तं मले म्हने, मशीन चालली का पोरगी जाते मेहकरले."

मी तिला पुन्हा विचारलं, कधी म्हणाले. ती म्हणाली, "होळीच्या आगंमागं. तुले माईत नाई काय?"

मला माहीत नव्हतं. मला तर मातीत मीठ सापडलं होतं.

२१ मे

ऑपरेशन झालं. गुंगीत त्यांनी गोपालला हाक मारली. मी "हं" म्हणाले.

२ जून, वरवट बकाल

घरी आणलं. महिनाभर तरी पलंगावरच, मग वॉकर. ओसरीवर पलंग टाकला, तिथून परस दिसतं. मेहकरला चला म्हटलं, तर "नाई" म्हणाले. दादाला फोन केला. तो म्हणाला, दसऱ्यापर्यंत गल्ल्यावर दुसरा माणूस ठेवतो, मग मात्र ठरव. मी म्हटलं, ठरवीन. खरंच अजून ठरलेलं नाही. इथे राहणं काही सोपं झालेलं नाही. फ्रीजचा आवाज तोच आहे. करिष्मा दोन दिवस राहून गेली, ती गेल्यावर घर आणखी मोठं वाटतं.

झाडांना पाणी आता मोटर देते. लाल दिवा लागतो, नळी फुरफुरते, मामाजी मान वळवून पाहतात.

७ जून

मामाजींना काही हवं असलं की ते हाक मारत नाहीत, मी येईपर्यंत थांबतात. काल पाण्यासाठी असेच थांबले होते, ओठ कोरडे पडलेले. म्हणून आज खोक्यातले उरलेले दोन बोर्ड काढले. पलंगाच्या कडेला एक बटण बसवलं आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर घंटी. बिनतारी आहे, दाबलं की वाजते. या वेळी अर्ध्या दिवसात झालं.

त्यांना दाखवलं. "काई लागलं का हे दाबा."

त्यांनी बटणावरून बोट फिरवलं. दाबलं नाही.

१० जून

तीन दिवस घंटी वाजली नाही. दोन्ही बोर्ड दोनदा तपासले. बिघाड नव्हता.

११ जून

सकाळी वाजली. हातातलं पीठ तसंच ठेवून धावले.

"काय झालं?"

"काई नाई. वाजते का पाहून राह्यलो."

"वाजते."

"बरं."

दुपारी पुन्हा वाजली. चहा पाहिजे होता. मी चहा नेला, त्यांनी घेतला.

संध्याकाळी मी वांग्याची भाजी टाकली होती. घंटी वाजली. गेले. उशी नीट होती. पाण्याचा तांब्या भरलेला होता. गोळी झालेली होती.

"काय पाहिजे, मामाजी?"

"काई नाई."

"मंग काऊन वाजवली?"

ते परसाकडे पाहत होते. म्हणाले, "बस जराशी."

मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. मग ते म्हणाले की गोपाल लहान असताना एकदा रुसून शेतातल्या मचाणावर जाऊन बसला होता, जेवायलाही खाली उतरेना. मग त्यांनीच ताट घेऊन वर चढायचं ठरवलं, आणि मचाण मोडून बापलेक दोघंही ज्वारीत पडले. हे मला गोपालने कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कशावरून रुसला होता. ते आठवून आठवून सांगत गेले.

भाजी पार करपली. भाकरीबरोबर आम्ही लोणचं खाल्लं.